गुलाबी चुनखडीतला छापा-काटा

इटलीच्या उंब्रिया भागात गुब्बिओ नावाचं जुनं दगडी गाव आहे. गावाबाहेर पडलं की रस्ता बोत्ताचिओनेच्या घळीत शिरतो आणि कडेला गुलाबी चुनखडीचे तिरके थर दिसू लागतात. तिथले लोक या दगडाला ‘स्काल्या रोसा’ म्हणतात. हा एके काळचा खोल समुद्राचा तळ. हजार वर्षांत जेमतेम सेंटिमीटरभर गाळ साचायचा, पण कोट्यवधी वर्षं, जवळजवळ खंड न पडता.

दगड पाण्याने ओला करून भिंग लावलं की त्यात बारीक ठिपके दिसतात. ती फोरॅमिनिफेरा (थोडक्यात ‘फोरॅम’) या एकपेशीय सागरी जिवांची कवचं. चुनखडी इतकी घट्ट की कवच सुटं निघत नाही. मग दगड घासून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप करायचा आणि कवचाच्या छेदावरून जात ओळखायची. इझाबेला प्रेमोली सिल्वा या बाईंचा यात हातखंडा. एका थरापर्यंत वाळूच्या कणाएवढी ऐटबाज कवचं भरपूर सापडतात, मग सेंटिमीटरभर मातीचा पट्टा येतो आणि त्याच्या वर उरतात ती अगदी चिमुकली. त्यांतल्या एका जातीला तर गुब्बिओवरूनच ‘युगुबिना’ नाव पडलं.

जीवाश्मांवरून आधी कोण आणि नंतर कोण ते कळतं. मात्र दोन जातींच्या मध्ये किती काळ गेला, हे कवच सांगत नाही.

१९७०च्या दशकात वॉल्टर अल्वारेझ आणि विल्यम लॉरी हे भूशास्त्रज्ञ इथे आले ते वेगळ्याच कामासाठी: इटलीचा भूभाग पूर्वी फिरला होता का, हे चुंबकत्वावरून बघायला. गाळ बसताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करतात आणि तसेच गोठतात. म्हणून पाण्याने थंड ठेवलेल्या ड्रिलने दगडातून अडीच सेंटिमीटर जाडीची कांडी कापायची आणि ती उपटण्याआधी तिच्यावर दिशेची खूण करायची. खूण विसरली की कांडी फुकट. प्रयोगशाळेत ती टप्प्याटप्प्याने तापवतात, म्हणजे नंतरच्या काळात चढलेलं चुंबकत्व उडून जातं आणि मूळचं तेवढं राहतं.

निघालं भलतंच. काही थरांत कणांची चुंबकी सुई आजच्यासारखी, काहींत बरोबर उलटी. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून अदलाबदल करतात, त्याची ही नोंद. हीच नोंद महासागरांच्या तळावरच्या लाव्हातही पट्ट्यांच्या रूपात आहे, आणि गुब्बिओच्या उलट-सुलट पट्ट्यांचा लांब-आखूडपणा तिच्याशी जुळला. १९७७मध्ये हे प्रसिद्ध झालं. डायनॉसोरांच्या अंताचा तो मातीचा पट्टा ‘२९ आर’ (आर म्हणजे रिव्हर्स्ड) या उलट्या कालखंडात बसला.

माझ्या मते खरी गंमत जोडीत आहे. चुंबक फक्त छापा किंवा काटा सांगतो. नुसता ‘काटा’ हाती आला तर तो शेकडोंपैकी कुठला? ते फोरॅम सांगतात. शिवाय सुमारे १२ कोटी ते ८.३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात ध्रुव जवळजवळ उलटलेच नाहीत. तिथे चुंबक गप्प, सगळी भिस्त जीवाश्मांवर. आणि प्रत्यक्ष वर्षांचा आकडा या दोघांकडेही नसतो. तो ज्वालामुखीच्या राखेतल्या किंवा लाव्हातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून घ्यावा लागतो.

‘२९ आर’शी आपलं घरचं नातं आहे. दख्खनचा बराचसा लाव्हा त्याच काळात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना खालचे थर उलटे आणि माथ्याकडचे सुलटे आहेत. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, म्हणून इथल्या ‘सुलट्या’ थरांत सुई जमिनीकडे न झुकता वर पाहते. पण घाटातल्या काळ्या पाषाणात समुद्री जीव कुठून असणार?

ते सापडले गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या खाणींत. लाव्हा तिथे पार समुद्रापर्यंत पोचला होता. खालचा थर उलटा, वरचा सुलटा, आणि दोन्हींच्या मध्ये सागरी गाळ. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये त्या गाळातले फोरॅम तपासले, तर ते निघाले मातीच्या पट्ट्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातले, गुब्बिओत पट्ट्याच्या वर दिसतात तसेच चिमुकले.