हुकावरचा भार

ट्रॅक्टर, जीप किंवा मोटारीच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीची दांडी हुकावर जो उभा दाब देते, त्याला हुकावरचा भार म्हणतात. ट्रॉलीतल्या मालाचे सगळे वजन ट्रॉलीचीच चाके पेलतात असा समज आहे. चारचाकी ट्रॉलीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, कारण तिच्या पुढच्या आखावर फिरकी असते आणि दांडी फक्त ओढीचे काम करते. दोन चाकांच्या ट्रॉलीत मात्र वजनाचा एक हिस्सा दांडीतून थेट ओढणाऱ्या वाहनावर येतो. हा हिस्सा किती असावा, तो कुठे टेकावा आणि जास्त झाला तर कुठे वळवावा, यावर वाहन सरळ चालणे, हँडल हातात राहणे आणि ब्रेक लागणे अवलंबून असते. विदर्भात कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा, कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) यांची बरीचशी वाहतूक अशा ट्रॉल्यांतून होते. त्यामुळे हा विषय इथे वावरापासून जिनिंगच्या काट्यापर्यंत रोजचा आहे.

बंडीतली जाण

ट्रॅक्टर येण्याआधीही हा प्रश्न होताच, आणि बंडी हाकणाऱ्याला तो नेमका कळत होता. बंडीला एकच आख. माल आखाच्या पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर दाबते आणि खांदेसूज येते. मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोते बैलाच्या गळ्याला काचते. म्हणून पोती रचताना जाणता माणूस मध्येच थांबून धुरा हाताने उचलून पाही. हाताला थोडे जड लागले पाहिजे, पण उचलता आले पाहिजे, हे त्याचे माप. चढ लागला की तो पुढे धुऱ्यावर सरके, उतार लागला की मागे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात, तो मान ज्या खांद्याचा असतो त्याच खांद्यावर हा भार वर्षभर असे.

ट्रॅक्टरला खांदा सुजत नाही, त्यामुळे चूक लगेच दिसत नाही. धुरा उचलून पाहण्याची सवय मोडली आणि तिच्या जागी मोजण्याची सवय आली नाही, हे या विषयातले खरे नुकसान आहे.

साधा हिशेब

ट्रॉलीच्या कडीपासून आखापर्यंतचे अंतर 3 मीटर धरू. माल 3000 किलो आहे आणि त्याचा मध्य आखाच्या 30 सेंटिमीटर पुढे आहे. तेव्हा मालामुळे हुकावर 300 किलो भार येतो, म्हणजे मालाच्या 10 टक्के. तोच मध्य आखाच्या 30 सेंटिमीटर मागे गेला तर दांडी हुकाला 300 किलोने वर उचलू लागते. फरक फक्त दोन फुटांचा. 50 किलोच्या डीएपीच्या किंवा 45 किलोच्या युरियाच्या गोण्या रचताना एक थर पुढे घ्यायचा की मागे, एवढ्यावर तो ठरतो.

आता हेच ट्रॅक्टरच्या बाजूने पाहू. साधा, मागच्या दोन चाकांनी चालणारा ट्रॅक्टर 2000 किलोचा असेल तर त्यातले साधारण 35 ते 40 टक्के वजन पुढच्या चाकांवर असते. ते 750 किलो धरू. पुढच्या-मागच्या आखांतले अंतर 2 मीटर आणि हूक मागच्या आखाच्या 80 सेंटिमीटर मागे आहे. हुकावर 300 किलो आले की पुढची चाके 120 किलोने हलकी होतात आणि मागची 420 किलोने जड. इथपर्यंत बिघडत काही नाही. मागची चाके जड झाली की पकड उलट वाढते.

पण ओढ सुरू झाली की दुसरा परिणाम त्यात मिसळतो. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत ट्रॉली ओढायला 800 किलोचा जोर लागला आणि हूक जमिनीपासून 50 सेंटिमीटरवर असला, तर पुढची चाके आणखी 200 किलोने हलकी होतात. 750 मधून राहिले 430, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या 21 टक्के. हँडल ताब्यात राहायला पुढच्या चाकांवर किमान 20 टक्के वजन हवे असे मानतात; म्हणजे आपण काठावर आलो. आता हाच हूक 80 सेंटिमीटर उंचीवर असता तर पुढे उरले असते 310 किलो, अवघे 15 टक्के. माल तोच, माती तीच, चालवणारा तोच. हुकाच्या एका फुटाने ट्रॅक्टरचे तोंड उचलायला लागते. म्हणून टॉप लिंकला (अवजार जोडायच्या मागच्या वरच्या दांडीला) किंवा आखाच्या वर कुठेही साखळी बांधून ओढणे हा प्रकार पूर्णपणे टाळायचा आहे.

चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मागच्या चाकांकडे झुकते आणि ओढही वाढते. उंच रचलेल्या ट्रॉलीतला भारही त्याच वेळी मागे कलतो, त्यामुळे सपाटीवर जेमतेम पुढे जड असलेली ट्रॉली चढावर उलाळ होऊ शकते. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याची वाट ही झाली मोठी उदाहरणे. पण नाल्याच्या रपट्यावरून (ठेंगण्या फरशी-पुलावरून) वर निघणारी चार-पाच मीटरची चढण तेवढ्या क्षणापुरती घाटापेक्षा उभी असते, आणि बहुतेक ट्रॅक्टरांची पुढची चाके तिथेच उचलतात.

भारवाटप हिच

मोटारीच्या मागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून फिरण्याची पद्धत अमेरिकेत व कॅनडात मोठी आहे. तिथे हुकावरच्या भाराचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. असा ट्रेलर ताशी 80 ते 100 किलोमीटर वेगाने ओढला जातो. हुकावरचा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणे वाढत जाऊन मोटारीला घेऊन उलटू शकतो. म्हणून तिथे 10 ते 15 टक्के भार मुद्दाम पुढे ठेवतात. पण एवढा भार मोटारीच्या शेपटीवर आला की मागची बाजू बसते, पुढची उचलते, हँडल हलके होते, पुढचे ब्रेक कमी धरतात आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

यावर उपाय म्हणून भारवाटप हिच, म्हणजे हुकावरचा भार सगळ्या आखांवर वाटणारी जोडणी, वापरतात. हिचच्या डोक्यातून स्प्रिंगच्या पोलादाचे दोन दांडे निघतात आणि ट्रेलरच्या दांडीच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात. त्यांची मागची टोके साखळीने किंवा कंसाने वर ओढून ताणतात. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या सांध्यात खाली बसतात. सांध्याखाली ताणाची पट्टी घातली की त्या पुन्हा सरळ होतात. मोटार आणि ट्रेलर यांच्या सांध्यात हेच घडते.

आकड्यांत पाहिले तर ट्रेलर 3000 किलोचा, हुकावर 12 टक्के म्हणजे 360 किलो. मोटारीच्या आखांतले अंतर 3 मीटर, हूक मागच्या आखाच्या 1.2 मीटर मागे आणि हुकापासून ट्रेलरच्या आखापर्यंत 5.4 मीटर. दांडे न ताणता मोटारीचा पुढचा आख 144 किलो गमावतो आणि मागच्यावर 504 किलो वाढतात. दांडे पुरते ताणले की पुढच्या आखाचे 144 किलो परत येतात, साधारण 65 किलो ट्रेलरच्या आखांवर जातात आणि मागच्यावर 295 किलो उरतात. बेरीज 360 च राहते. हिच वजन कमी करत नाही, फक्त दुसऱ्या आखांवर सरकवते. मोटारीची किंवा हुकाची क्षमता ओलांडलेला ट्रेलर या हिचने ओढण्याजोगा होतो हा समज चुकीचा आणि जिवावरचा आहे.

हिच बसवताना टेपने मोजतात, अंदाज चालत नाही. सपाट जागी, ट्रेलर न जोडता, पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजायची. ट्रेलर जोडून, दांडे सैल ठेवून पुन्हा मोजायची. ती वाढलेली असते. मग दांडे ताणून तिसऱ्यांदा. वाढलेल्या उंचीपैकी निदान निम्मी उतरली पाहिजे. पूर्ण उतरवायची की नाही हे मोटारीची कंपनी सांगते, आणि पहिल्या मापापेक्षा खाली कधीच जाऊ द्यायचे नाही. जास्त ताणले तर मागची चाके हलकी होऊन ओल्या रस्त्यावर घसरतात. दांडे चढवताना व काढताना कडी हुकावर पक्की बंद ठेवून ट्रेलरच्या जॅकने दांडी वर उचलायची, म्हणजे सांधा उचलला जातो आणि ताण उतरतो. हे न करता साखळी सोडली तर दांडा सुटून पाय मोडण्याइतक्या जोराने बसतो. ट्रेलर झुलू लागलाच तर मोटारीचा ब्रेक दाबायचा नाही. हँडल सरळ धरून वेग उतरू द्यायचा आणि सोय असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे.

ही हिच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावावी का? नाही. ती डांबरी रस्त्यासाठी आहे. पांदणीत एक चाक चाकोरीत आणि दुसरे बांधावर असताना, किंवा रपट्यात ट्रॅक्टर वर आणि ट्रॉली खाली असताना सांधा मोकळा फिरला पाहिजे. ताणलेले दांडे तिथे वाकतील किंवा दांडीचे वेल्डिंग तोडतील. स्प्रिंगच्या कमानीचे पाटे वेल्ड करून तशी जोडणी गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवून घेणे तर अजिबात करू नये. ट्रॅक्टरला पुढे लावायची लोखंडी वजने हा त्याचा खरा उपाय आहे. ती पुढच्या आखाच्याही पुढे बसत असल्याने आपल्या वजनापेक्षा जास्त भार पुढच्या चाकांवर देतात. काही जण ती भंगारात घालतात किंवा नांगरणी संपली म्हणून काढून ठेवतात आणि ट्रॉलीच्या हंगामात लावत नाहीत. गरज तेव्हाच जास्त असते. अमेरिकेतल्या या हिचकडून घेण्यासारखे आहे ते तीनदा मोजणे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. जिनिंगच्या काट्यावर ट्रॉली न्यायचीच असते. काटेवाल्याला विचारून एकदा फक्त ट्रॅक्टरची पुढची चाके काट्यावर घ्यावीत, आधी ट्रॉलीशिवाय आणि मग भरलेल्या ट्रॉलीसह. दोन आकड्यांतून आपली भरण्याची पद्धत बरोबर आहे की नाही ते कळते.

भरणे आणि उतरवणे

कापूस हलका पण फुगीर, त्यामुळे ट्रॉलीत वजनाआधी जागा संपते. मग बाजूंना जाळ्या, फळ्या उभ्या करून आणि फाळका (मागचे झडप) आडवा टाकून माल मागे बाहेर काढतात, वर माणसे चढून तुडवतात. तुडवणारे बहुधा मागून चढतात आणि मागचाच भाग जास्त दाबतात. भार उलाळ होण्याचे हे एक साधे कारण आहे. तुडवायला पुढून सुरुवात करावी. कुटाराच्या ट्रॉलीचेही असेच. खाली पोती आणि वर कुटार असा मिश्र माल असेल तर पोती आखाच्या किंचित पुढे रचावीत.

उतरवताना उलटा क्रम पाळावा लागतो. पुढचा माल आधी काढला तर मागच्या वजनाने दांडी वर जोर देते, आणि त्याच वेळी कोणी हुकाची पिन ओढली तर दांडी उसळून तोंडावर येते. पिन निघायला नेहमीपेक्षा जड जात असेल तर ती हातोडीने ठोकू नये. दांडी खाली दाबते आहे की वर उचलते आहे ते आधी पाहावे. ट्रॉली सोडण्याआधी तिच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत आणि दांडीखाली जॅक किंवा भक्कम ठोकळा द्यावा. पिनेच्या खालची क्लिप हरवली म्हणून तिथे तार गुंडाळलेली सर्रास दिसते. ट्रॉली उलाळ असली तर त्या तारेवरच सगळे असते.

मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ज्या ओढलेल्या वाहनाचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि ज्याच्या वजनाचा काही हिस्सा ते वाहन पेलते, त्याची व्याख्या कलम 2 मध्ये ट्रेलरपासून वेगळी, सेमी-ट्रेलर म्हणून केलेली आहे. दोन आणि चार चाकांच्या ट्रॉलीतला फरक मुळात याच मुद्द्याचा आहे.

चिखलात रुतल्यावर

दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी होते आणि परतीचा पाऊसही तेव्हाच येतो. भरलेली ट्रॉली पांदणीत रुतली की मागच्या चाकांना लाकडाची बल्ली बांधून ट्रॅक्टर काढण्याची युक्ती केली जाते. तिच्याइतकी घातक गोष्ट या विषयात दुसरी नाही. चाक मोकळे असेल तर ते निदान जागेवर फिरते. बल्ली अडकली की चाक थांबते आणि इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरलाच मागच्या आखाभोवती उलटा फिरवतो. पुढची चाके उचलल्यापासून सावरता न येण्याच्या स्थितीपर्यंत पाऊण सेकंद लागतो. क्लच दाबायला तेवढा वेळ पुरत नाही. चालकावर संरक्षक चौकट असली आणि पट्टा बांधलेला असला तर जीव वाचतो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट 1959 मध्येच सक्तीची केली. आपल्याकडे शेतात चालणारे कितीतरी ट्रॅक्टर आजही उघडे आहेत.

रुतलेला ट्रॅक्टर आधी मागे घेऊन पाहावा. उलट्या दिशेने जाताना तोंड उचलत नाही. तेवढ्याने निघाला नाही तर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर एकटा बाहेर काढावा, अर्धा माल उतरवावा आणि दुसरा ट्रॅक्टर बोलावून टोचन करावे, म्हणजे साखळीने ओढून काढावे. साखळी दोन्हीकडे खालच्या हुकालाच अडकवावी, ती हळूहळू ताणावी, आणि ती ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये.