ग्रुप टूर आणि सीट-इन-कोच: एकाच बसमधल्या दोन वेगळ्या सहली

परदेश सहलीची दोन कोटेशनं समोर असतात. दोन्हींत विमान, हॉटेल, नाश्ता, एसी बस आणि तीच ठिकाणं. एक मात्र बरंच स्वस्त असतं. स्वस्त कागदावर कुठेतरी ‘ट्रान्सफर्स ऑन एसआयसी बेसिस’ अशी ओळ असते आणि ती वाचायची राहून जाते. एसआयसी म्हणजे सीट-इन-कोच. बसमध्ये इतर प्रवासी असतात, म्हणून बोलताना त्यालाही सर्रास ‘ग्रुप’ म्हटलं जातं. घोटाळा इथूनच सुरू होतो.

खऱ्या ग्रुप टूरमध्ये टूर मॅनेजर मुंबईच्या विमानतळावर भेटतो आणि परत येईपर्यंत सोबत असतो. बस त्या ग्रुपचीच असते आणि माणसं शेवटच्या दिवसापर्यंत तीच. सीट-इन-कोचमध्ये तुमच्या नावावर बस नसते, एक सीट असते. सोमवारी सिटी टूरला एक गाडी, मंगळवारी दुसरी; शेजारी बसलेलं कुटुंब तिसऱ्याच कंपनीकडून, कदाचित तिसऱ्याच देशातून आलेलं. गाड्या चालवतो तिथला स्थानिक ऑपरेटर. तुमच्या कंपनीने त्याच्याकडून जागा घेतलेल्या असतात आणि तुमच्या हातात व्हाऊचर दिलेली असतात.

कोटेशनमधला ‘गाईडसह’ हा शब्दही नीट वाचायला हवा. स्थानिक गाईड दोन-तीन तास शहर दाखवतो, इतिहास सांगतो आणि निघून जातो. हॉटेलमध्ये खोली अकराव्या मजल्यावर आणि आजी-आजोबांची चौथ्यावर मिळाली, तर काउंटरवर जाऊन बोलणं हे त्याचं काम नाही. ते टूर मॅनेजरचं काम आहे, आणि सीट-इन-कोचमध्ये ते तुमचं.

दिवसाची सुरुवात कशी होते, यात सगळ्यात मोठा फरक आहे. सीट-इन-कोचमध्ये पिक-अपची नेमकी वेळ नसते, ‘साडेआठ ते नऊ’ असा पट्टा असतो. गाडी पाच-सहा हॉटेलं घेत फिरते, म्हणून ती लवकर येऊ शकते किंवा उशिराही. पट्टा सुरू होण्याआधी दहा मिनिटं सगळे लॉबीत हवेत. ड्रायव्हर थोडा वेळ थांबतो, व्हाऊचरवरचं नाव विचारतो आणि निघतो, कारण पुढच्या हॉटेलवर लोक उभे असतात. गाडी चुकली तर पैसे परत मिळत नाहीत. टॅक्सी करून गाठायचं. लहान मूल ऐन वेळी बाथरूमला जातं किंवा आजोबांची गोळी खोलीत राहते, तेव्हा ही व्यवस्था जड जाते. हॉटेल अरुंद गल्लीत असेल तर गाडी तिथवर येतच नाही, चालत जाऊन ठरलेल्या जागी थांबावं लागतं. संध्याकाळी सहल एखाद्या मॉलपाशी संपते का, तेही विचारा. तसं असेल तर हॉटेलपर्यंतचं भाडं तुमचं.

ग्रुप टूरमध्येही वेळेची सक्ती आहे, पण तिचं कारण निराळं. युरोपात बसचालकाने एकूण साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते. दिवसभरात ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास, यापेक्षा जास्त चालवता येत नाही, आणि रोजच्या विश्रांतीचे तासही ठरलेले आहेत. हे सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. म्हणून सकाळी २० मिनिटं गेली तर ती बस पळवून भरून काढता येत नाहीत, संध्याकाळचं एखादं ठिकाण घाईत उरकावं लागतं. शिवाय फ्लोरेन्ससारख्या शहरात मोठी बस जुन्या भागात जात नाही, आणि व्हेनिसला ट्रोन्केतो या पार्किंगच्या बेटापाशी उतरून बोटीने जावं लागतं. ‘सगळीकडे बस’ असं ऐकून गुडघेदुखीच्या माणसाचं बुकिंग करू नका. रोज किती चालावं लागतं ते दिवसावार विचारा.

आता अडचणीच्या वेळचं. पासपोर्ट हरवला तर टूर मॅनेजर पोलीस तक्रार आणि दूतावास यांची वाट दाखवतो, मुंबईच्या ऑफिसला कामाला लावतो. पण एका गोष्टीची खोटी आशा नको: त्याच्यामागे चाळीस माणसं असतात. कोणाला दवाखान्यात ठेवावं लागलं तर तो बस सोडून तुमच्याजवळ राहू शकत नाही. घरचंच कोणीतरी मागे थांबतं. त्यासाठी प्रवास विमा नीट हवा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) विम्याचं किमान संरक्षण ३०,००० युरो लागतं, पण तो व्हिसाचा उंबरठा आहे. साठीपुढच्या माणसासाठी जास्त रकमेचा आणि आधीपासून असलेल्या आजारांची अट वाचूनच घ्या. सीट-इन-कोचमध्ये अशा वेळी हाताशी एक फोन नंबर असतो. तो चोवीस तासांचा आहे का आणि हिंदी किंवा मराठी बोलणारं कोणी उचलतं का, हे निघण्याआधी लावून बघा.

कागदपत्रांतही फरक आहे. थायलंडला १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड लागतं आणि सिंगापूरला एसजी अरायव्हल कार्ड. दोन्ही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट असतात. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही. ग्रुप टूरमध्ये बहुतेकदा कंपनी ती भरून देते. सीट-इन-कोचमध्ये हे गृहीत धरू नका. दुबईत हॉटेलवर दर खोलीमागे दर रात्री ७ ते २० दिऱ्हॅम इतका ‘टुरिझम दिऱ्हॅम’ नावाचा कर आकारला जातो. तो पॅकेजमध्ये धरलाय की काउंटरवर तुम्ही भरायचा, हे कोटेशनमध्ये दिसायला हवं.

स्थळांच्या यादीत क्रियापद बघा. ‘पाहू’ म्हणजे बहुधा बाहेरून, ‘फोटो स्टॉप’ म्हणजे पंधरा मिनिटं, ‘प्रवेशासह’ म्हणजेच तिकीट. आयफेल टॉवरचं तिकीट दुसऱ्या मजल्याचं की शिखराचं? बुर्ज खलिफाचं १२४-१२५ व्या मजल्याचं की १४८ व्या? किमतीत आणि अनुभवातही मोठा फरक पडतो.

पैशांची तुलना तळाच्या आकड्यावरून करू नका. ग्रुप टूरची किंमत अनेकदा ‘इतके रुपये अधिक इतके युरो’ अशी असते. युरोचा भाग पैसे भरायच्या दिवसाच्या दराने बदलतो. टिप्स दिवसाला माणशी ठरलेल्या असतात आणि वेगळ्या घेतल्या जातात. सीट-इन-कोचमध्ये साधारणपणे नाश्ताच असतो. पाच माणसांची दोन वेळची जेवणं आणि अधूनमधूनच्या टॅक्स्या त्यात मिळवल्या की स्वस्तपणा किती उरतो, ते कागदावर मांडा. दोन्हींवर जीएसटीशिवाय टीसीएसही (पैसे भरतानाच गोळा केला जाणारा आयकर) लागतो. तो ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याच्या आयकर खात्याकडच्या कर-नोंदीत दिसतो आणि आयकरात वळता करून घेता येतो. म्हणून विवरणपत्र भरणाऱ्याच्या नावावर बुकिंग करा. आजीच्या पॅनवर केलं तर परताव्यासाठी आजीचं विवरणपत्र भरावं लागेल.

आमचं मत असं: युरोपची पहिली सहल, सोबत ज्येष्ठ माणसं आणि शाकाहारी जेवण हवंच, तर टूर मॅनेजरसह ग्रुप टूरचे जादा पैसे सार्थकी लागतात. रोज गाव बदलतं, सामान हलतं, रात्री भारतीय जेवण शोधायचं त्राण उरत नाही. सिंगापूर आणि दुबईत मुक्काम एकाच हॉटेलात असतो, मेट्रो उत्तम आहे, भारतीय जेवण मुबलक मिळतं; इंग्रजीत निभावून नेणारं एक माणूस असेल तर सीट-इन-कोच पुरतं. मात्र पाच-सहा जण असाल तर त्याच कार्यक्रमाचं खासगी गाडीचं कोटेशन जरूर मागा. सीट-इन-कोचमध्ये पैसे डोक्यामागे, खासगीत गाडीमागे असतात. सहा डोक्यांवर हा फरक बराच कमी होतो आणि लॉबीतली धावपळ संपते.

ग्रुप टूर ठरवताना एक अट लेखी घ्या. पुरेशी नोंदणी झाली नाही तर काय? काही वेळा तारीख बदलते, कधी दोन ग्रुप एकत्र होतात, कधी टूर मॅनेजर मुंबईहून न येता तिथे पोहोचल्यावर भेटतो. ‘मॅनेजर मुंबई ते मुंबई सोबत, किमान इतके प्रवासी, ते न भरल्यास अमुक दिवस आधी कळवून पूर्ण परतावा’ एवढं ईमेलवर उत्तर म्हणून आलं, की मगच आगाऊ रक्कम भरा.