डायव्हरमागची गाबोळी: ओरेगन-वॉशिंग्टनच्या नद्यांवरच्या एका मांडणीची पार्श्वभूमी

गरी (गळाचा आकडा), तंगूस (गळाचा नायलॉन धागा) आणि आमिष हे तीन शब्द कोकणात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या नद्यांवर सॅमन आणि स्टीलहेड हे मासे गरवणारे लोक या तिघांच्या जोडीला चौथी वस्तू घेतात. तिचं नाव डायव्हर. मुठीत मावेल एवढा प्लास्टिकचा तुकडा, पुढच्या बाजूला उतरती पाटी. हातातल्या रॉडवरून आलेली मुख्य दोरी त्याच्या नाकाला बांधायची. मागच्या कडीतून चार-पाच फूट तंगूस सोडायचा. त्याच्या टोकाला एकामागे एक अशा दोन गऱ्या आणि त्यांत सॅमनच्याच गाबोळीचा, म्हणजे त्याच्या अंड्यांचा, अक्रोडाएवढा लालभडक गोळा. काहीजण त्याला चिखलातली कोळंबीही जोडतात.

नाव प्रवाहापेक्षा हळू खाली उतरत राहते. पाण्याचा रेटा पाटीवर बसतो आणि डायव्हर तळाकडे बुडी मारतो. त्याच्यामागे गाबोळीचा गोळा दगडगोट्यांच्या जरासा वर, थरथरत, एकेक हात मागे सरकत जातो. दोरी ढिली सोडली की यातले बरेच डायव्हर आपोआप वर तरंगतात, म्हणून खडकात अडकत नाहीत. शिशाचं वजन बांधलं तर हे जमत नाही. ते तळाला जातं आणि तिथेच रुतून बसतं.

एवढ्या लटांबराची गरज का पडली? नदीत शिरलेला सॅमन जेवत नाही, हे त्याचं उत्तर. समुद्रात तीन-चार वर्षं खाऊन माजलेला चिनूक सॅमन अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो, तेव्हा त्याचं खाणं सुटलेलं असतं आणि पोट आक्रसलेलं असतं. साठवलेल्या चरबीवर तो शेकडो मैल चढून जातो, अंडी घालतो आणि मरतो. स्टीलहेड जरा वेगळा. तो म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. 1989 मध्ये त्याचं शास्त्रीय नाव बदलून त्याला पॅसिफिक सॅमनच्या वंशात घेतलं गेलं. अंडी घालूनही काही स्टीलहेड जगतात आणि पुन्हा समुद्राकडे वळतात. पण दोघांनाही भुकेच्या नावाने सहसा फसवता येत नाही. ते तळाशी, प्रवाहाच्या कडेला, तोंड वरच्या अंगाला करून पडून असतात आणि आमिषाच्या मागे धावत नाहीत. आमिषानेच त्यांच्या तोंडापुढे येऊन उभं राहायचं असतं. मासा थोडा मागे सरकतो, आमिषही सरकतं. शेवटी तो बाजूला होतो किंवा तोंड मारतो. रागाने मारतो की बालपणी खाल्लेल्या अंड्यांच्या वासाच्या आठवणीने, यावर नदीकाठी तासन्‌तास वाद चालतात. डायव्हरचं काम एवढंच की ती भेट जास्त वेळ टिकवायची.

(आपल्याकडे हॉटेलात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो तो रावस. चवीला उत्तम, पण सॅमनशी त्याचं काही नातं नाही.)

या नद्यांवरच्या मूळच्या लोकांना आमिष फारसं लागलंच नाही. कोलंबिया नदीवरच्या सेलिलो धबधब्याशी हजारो वर्षं मासेमारी चालली ती लांब दांड्याच्या झेल्यांनी. कड्यावर बांधलेल्या लाकडी माचीवर उभं राहायचं आणि उसळत्या पाण्यात झेला फिरवायचा. शिवाय भाले होते, बांध होते. गळाची विद्या होती, पण ती मुख्यतः समुद्रावर. बुल केल्प या समुद्री वनस्पतीच्या लांब देठांपासून वळलेल्या दोऱ्या किनाऱ्यावरचे समाज त्यासाठी वापरत. नदीत मासाच एवढा होता की त्याची मनधरणी करण्याचं कारण नव्हतं. कोलंबियात पूर्वी दरवर्षी एक ते दीड कोटी सॅमन-स्टीलहेड परतत असावेत, असा अंदाज सांगितला जातो.

मग डबाबंद मासा आला. कोलंबियावरचा पहिला कारखाना 1866 मध्ये ईगल क्लिफला निघाला. पुढच्या वीस वर्षांत त्यांची रांग लागली आणि 1880 च्या दशकात एकेका वर्षी 4 कोटी पौंडांहून जास्त चिनूक पकडला गेला. प्रवाहाच्या जोरावर फिरणारी मोठमोठी मत्स्यचक्रं रात्रंदिवस मासे उपसत होती. ओरेगनने ती 1926 मध्ये बंद केली, वॉशिंग्टनने 1934 मध्ये. हौसेने गळ टाकणारा माणूस याच काळात नदीवर आला. 1889 मध्ये पोर्टलंडजवळच्या क्लॅकमस नदीवर, मुंबईत जन्मलेल्या तेवीस वर्षांच्या रुडयार्ड किपलिंगने हलक्या रॉडने सॅमन ओढला होता. गळाला होता धातूचा चमचा. चमकणारी, गिरक्या घेणारी वस्तू काठावरून फेकायची आणि ओढून घ्यायची, ही त्या वेळची रीत. माशापुढे ती क्षणभर चमकायची आणि निघून जायची.

आमिष एका जागी खेळवायचं तर आधी नाव थांबायला हवी. ही गोष्ट घडली ओरेगनमधल्या मकेन्झी नदीवर, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. ही नदी उथळ, वेगवान, दगडांनी भरलेली. तिच्यावर जड नावा फुटायच्या. 1920 च्या दशकापासून व्हेल्टी प्रुइट, टॉम कारहस आणि नंतर वुडी हिंडमन या मंडळींनी इथली नाव पुन्हा पुन्हा बदलून पाहिली. ती हलकी केली, तळ सपाट ठेवला आणि दोन्ही टोकं केळ्यासारखी वर उचलली. मध्यभागच तेवढा पाण्यात टेकतो, त्यामुळे वल्ह्याच्या एका फटक्यात ती जागच्या जागी गर्रकन वळते.

पण खरा बदल वल्हवण्यात होता. एरवी वल्हवणारा ज्या दिशेला जायचं तिकडे पाठ करून बसतो. मकेन्झीच्या नावेत तो तोंड प्रवाहाच्या उतारावर ठेवून बसतो आणि वल्ही उलटी ओढतो, म्हणजे नदी जिकडे नेते त्याच्याविरुद्ध. नाव खाली जातेच, पण पाण्यापेक्षा हळू. मी पहिल्यांदा अशा नावेत बसलो तेव्हा हे डोळ्यांना पटायला वेळ लागला. काठावरची झाडं सावकाश वर सरकत होती आणि पाणी आम्हाला मागे टाकून खळाळत पुढे पळत होतं. वल्हवणारा बोलत नव्हता. त्याची नजर समोरच्या दोन रॉडच्या शेंड्यांवर होती. शेंडे एका लयीत थरथरत होते, म्हणजे डायव्हर नीट बुडलेत. थरथर थांबली की तो दोन वल्ही जोरात मारायचा आणि लय परत यायची. डायव्हरला लागणारा रेटा या माणसाच्या खांद्यांतून येत होता. गरवणारे आम्ही दोघे, पण मासा खरा तोच पकडत होता.

नाव आली तरी दोरी मजबूत हवी. 1930 च्या दशकापर्यंत मुख्य दोरी रेशमाची किंवा तागाची असायची. संध्याकाळी ती सोडवून वाळवली नाही तर कुजायची. टोकाचा पारदर्शक धागा रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून ओढलेला असे. त्याचे तुकडे आखूड, आणि गाठ मारण्याआधी भिजवावे लागत. 1938 मध्ये ड्युपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि थोड्याच काळात एकसंध नायलॉनचा धागा मिळू लागला. तोच आपला तंगूस. चिनूकसारखा धटिंगण मासा झेलणारा, गऱ्यांवर घट्ट वळसे देता येतील असा चार-पाच फुटांचा अखंड धागा त्यामुळेच हाती आला. ज्या गाठीने गाबोळी धरली जाते ती या धाग्यावर शोभते. गरीच्या दांडीवर वळसे द्यायचे आणि वरच्या बाजूला एक फास मोकळा ठेवायचा. फास ढिला करून त्यात गाबोळीचं आवरण सरकवायचं आणि तंगूस ओढला की फास आवळतो. गोळ्याला भोक पडत नाही.

डायव्हर कुणी एका दिवशी शोधून काढला असं झालं नाही. त्याच्याआधी प्लग आला, म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा खोटा मासा. 1930 च्या दशकात डेट्रॉइटच्या चार्ल्स हेलिनने फ्लॅटफिश बाजारात आणला. वाकडा, पाण्यात डुलणारा. पुढे कॅलिफोर्नियातल्या एडी पोपचा हॉट शॉट आला. तो प्रवाहात धरला की खोल बुडी मारून जोराने थरथरायचा. मकेन्झीच्या पद्धतीची नाव आणि हा प्लग एकत्र आले आणि स्टीलहेड पकडण्याची नवी रीतच सुरू झाली. नावेपुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला चाळीस-पन्नास फूट दोरी सोडायची आणि प्लग हळूहळू माशाच्या तोंडावर उतरवायचा. मग गरवणाऱ्यांनी सरळ हिशेब केला. प्लग आपणहून तळाला जातोच आहे, तर त्याच्या गऱ्या काढून टाकाव्यात आणि मागे तंगूस बांधून खरं आमिष लावावं. बिनगऱ्यांचा प्लग म्हणजेच पहिला डायव्हर. आजही अनेक डायव्हर पाहिले की त्यांच्यात जुना प्लग ओळखू येतो.

कारखान्यांनी हे पुढे नेलं. कोलंबियाच्या काठी हूड रिव्हर गावात 1932 पासून गळाचं सामान बनवणाऱ्या लुअर जेन्सन कंपनीच्या जेट डायव्हरला 10, 20, 30, 40 असे क्रमांक मिळाले. साधारण तेवढे फूट खोल तो जातो. 2005 मध्ये ही कंपनी फिनलंडच्या रापालाने घेतली. तिकडे ग्रेट लेक्सवर, म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या मोठ्या तळ्यांवर, वेगळीच गरज होती. 1966 मध्ये मिशिगन राज्याने पॅसिफिकचा कोहो सॅमन आपल्या पाण्यात सोडला आणि बघता बघता मोठ्या तळ्यांवर बोटींची गर्दी झाली. एका बोटीच्या मागे चार-सहा दोऱ्या सोडायच्या तर त्या गुंतणारच. तिथे खाली जाताना डावी-उजवीकडेही पळणारे थाळीसारखे डायव्हर लोकप्रिय झाले. नदीवरच्या माणसाने त्यांतलेही काही उचलले.

आता गाबोळी. सॅमन अंडी घालतात तिथे खालच्या अंगाला ट्राउट आणि स्टीलहेड सुटी अंडी टिपायला टपलेले असतात, हे जुन्या वसाहतवाल्यांनाही ठाऊक होतं. अडचण होती ती टिकवण्याची. ताजी गाबोळी पाण्यात मऊ पडते, दुसऱ्या दिवशी घाण येते. उपाय सापडला तो धुलाईच्या बोरॅक्समध्ये. वर्तमानपत्रावर गाबोळीची लांब पिशवी पसरायची, कात्रीने गोळ्यांएवढे तुकडे करायचे आणि प्रत्येकावर बोरॅक्स भुरभुरवायचा. कुणी मीठ घालतं, कुणी साखर, बहुतेक जण लाल रंग. तासाभरात गाबोळी आधी पाणी सोडते, मग तेच शोषून पुन्हा टच्च होते. वरचं आवरण चिवट होतं, आतलं अंडं रसदार राहतं. लोणच्यासारखंच प्रत्येक घरचं प्रमाण निराळं आणि ते सहसा सांगितलं जात नाही.

पुढे तयार मसाले आले आणि त्यांतल्या बऱ्याच मसाल्यांत सोडियम सल्फाइट होतं. त्याने रंग खुलतो आणि गाबोळी छान घट्ट होते. 2000 च्या दशकाच्या अखेरीस ओरेगनमधल्या संशोधकांनी असली गाबोळी सॅमन-स्टीलहेडच्या पिल्लांना खाऊ घालून पाहिली, तेव्हा काही पिल्लं मेली. दोष सल्फाइटकडे गेला आणि मसाल्यांचं प्रमाण बदलण्याची बोलणी सुरू झाली. मोठा मासा धरायला टाकलेलं आमिष त्याच्याच पिल्लांच्या पोटात जात होतं, हे वाचल्यावर मी माझ्याकडचा डबा फेकून दिला आणि साध्या बोरॅक्सवर आलो.

हे सगळं सुधारत असताना मासा मात्र आटत होता. कोलंबियावर 1938 मध्ये बॉनव्हिल धरण सुरू झालं, 1942 मध्ये ग्रँड कूली. ग्रँड कूलीला मासे चढण्याचा जिनाच नाही, त्यामुळे वरची शेकडो मैल नदी सॅमनला कायमची बंद झाली. 10 मार्च 1957 ला द डॅलेस धरणाचे दरवाजे मिटले आणि काही तासांत सेलिलो धबधबा माच्यांसकट पाण्याखाली गेला. हजारो वर्षांची बाजारपेठ, लग्नं जुळण्याची जागा, पूर्वजांची वहिवाट, सारं शांत पाण्याखाली. वायव्येतल्या मूळच्या समाजांनी सरकारशी झालेल्या करारांतल्या हक्कांसाठी कोर्टकचेऱ्या केल्या आणि 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी वॉशिंग्टनमधल्या करारबद्ध जमातींचा निम्म्या माशांवर हक्क मान्य केला. गोऱ्या गरवणाऱ्यांनी तेव्हा मोठा गहजब केला. माझ्या मते तो निकाल न्याय्य होता आणि खूप उशिरा आला होता.

धरणांनी नेलेला मासा भरून काढायला उबवणी केंद्रं उभी राहिली. आज डायव्हरला लागणारे पुष्कळ मासे तिथलेच. ओळख पटावी म्हणून सोडण्याआधी त्यांचा पाठीवरचा, शेपटीअलीकडचा छोटा मांसल पर कापतात. 2007 मध्ये वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंड या खाडीचा रानटी स्टीलहेड संकटग्रस्तांच्या यादीत गेला. डिसेंबर 2020 मध्ये वॉशिंग्टनच्या मत्स्य-वन्यजीव खात्याने किनारी नद्यांवर स्टीलहेडसाठी तरंगत्या नावेतून मासेमारी आणि आमिष, दोन्हींना मनाई केली. नावेपुढे डायव्हर आणि डायव्हरमागे गाबोळी ही जोडी एवढी हमखास मासा देते की कमी झालेल्या माशाला ती सोसवत नाही, हे खात्याने उघड मान्य केल्यासारखंच होतं. मनाईचं दुःख मलाही झालं, पण ती चुकीची म्हणवत नाही.

जिथे परवानगी उरली आहे तिथे मासा नावेजवळ आला की सगळे गप्प होतात. जाळी पाण्यातच ठेवून वल्हवणारा ओल्या बोटांनी पाठ चाचपतो. पर शाबूत असेल तर गरी सोडवून मासा तसाच मोकळा. बोटाला जुनी, बुजलेली खूण लागली तर तो नावेत येतो. आणि मादी निघाली तर त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं जातं, कात्री निघते आणि बोरॅक्सचा डबा उघडतो.