केकवरची लाल ‘चेरी’ बहुधा आपले करवंदच

बेकरीतील केकवर किंवा गोड पानात टोचलेले लालभडक फळ म्हणजे चेरी, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे स्वस्तात मिळणारी अशी ‘चेरी’ पुष्कळदा करवंदापासून तयार केलेली असते. खरी चेरी थंड हवेची, काश्मीर-हिमाचलातली, आणि तिच्या पोटात एकच कठीण कोय असते; करवंदात मात्र लहान, चपट्या बिया असतात.

या कामासाठी सहसा लागवडीची, आकाराने मोठी, पांढरट-गुलाबी करवंदे कच्ची असतानाच तोडतात. देठ मोडताच दुधासारखा पांढरा चीक बोटांना चिकटतो. म्हणून फळे मिठाच्या पाण्यात मुरवून तो चीक आणि तुरटपणा काढतात, बिया काढून टाकतात, एरिथ्रोसिनसारखा लाल खाद्यरंग देतात आणि मग साखरेच्या पाकात टप्प्याटप्प्याने मुरवतात.

करवंद खाण्याजोगेच आहे, त्यामुळे यात घाबरण्यासारखे काही नाही. खंत वाटते ती, सह्याद्रीच्या काटेरी जाळीतून वैशाखात ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून उतरणारे हे फळ परक्या नावाने विकले जाते याची.