लिथियम बॅटरी घेताय? आधी वजनकाट्यावर ठेवा

छतावर तीन किलोवॉटचं सोलर, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि लाइट गेल्याबरोबर घरातला पंखाही बंद. हे पहिल्यांदा घडलं की बरेच जण चक्रावतात. पॅनेलचा त्यात काही दोष नसतो. महावितरणच्या लाइनीला जोडलेला साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेल्याक्षणी स्वतःला बंद करून घेतो. तसं केलं नाही तर आपल्या छतावरची वीज उलटी लाइनीत शिरेल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेचं अनुदान ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे, त्यामुळे त्यातून बसलेल्या बहुतेक घरांत हेच होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी साठवलेली वीज हवी, म्हणजे बॅटरी हवी. आणि आज बॅटरी म्हटलं की दुकानदार ‘लिथियमच घ्या’ म्हणतो.

सल्ला चुकीचा नाही. पण ‘लिथियम’ ही एक वस्तू नव्हे. मोबाइल, लॅपटॉप आणि बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये जी असते तिच्या धन ध्रुवात कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांची ऑक्साइडं असतात. फार तापली की ही ऑक्साइडं स्वतःतला ऑक्सिजन सोडतात, म्हणजे आगीला लागणारी हवा बॅटरी आतूनच पुरवते. म्हणून ती आग विझवणं इतकं कठीण जातं. घरासाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारातल्या भाषेत एलएफपी. तिच्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी इतक्या घट्ट बंधानं बांधलेला असतो की तो सहजी सुटत नाही. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत या पदार्थावर काम झालं. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही भारतीय नावं आहेत. हा पदार्थ विजेचा वाहक म्हणून कच्चा, त्यामुळे कमी ताकदीच्या कामांना तो योग्य, असं तेव्हा वाटलं होतं. पुढे त्याचे कण अतिबारीक करून त्यांवर कार्बनचा थर देण्याची युक्ती साधली आणि चित्र पालटलं. गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी विभागून मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.

एलएफपी पेटतच नाही असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बेसुमार चार्ज झाली किंवा आत शॉर्ट झाली तर तीही ज्वलनशील वायू सोडते. कोबाल्टवाल्या बॅटरीपेक्षा धोका बराच कमी, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरेदीकडे येऊ. बॅटरीवर छापलेला आकडा हा विक्रेत्याचा दावा असतो, बॅटरीचा गुणधर्म नव्हे. सुदैवानं काही गोष्टी छापखान्यात बदलता येत नाहीत आणि त्यातली पहिली आहे वजन. आजचे चांगले एलएफपी सेल किलोमागे साधारण १६० ते १८० वॉट-तास ऊर्जा साठवतात. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास. म्हणजे नुसत्या सेलचं वजनच साडेसात-आठ किलो झालं. डबा, पट्ट्या, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं आणि गरज पडली तर पुरवठा तोडणारं सर्किट) धरून अशी बॅटरी दहा ते तेरा किलो भरते. तीच काट्यावर पाच-सहा किलो भरली, तर एक तर आत १०० अँपिअर-तास नाहीत, नाही तर आत एलएफपीच नाही. वजन जास्त असणं हा चांगल्या मालाचा पुरावा नाही, पण कमी असणं हा खोट्या मालाचा पुरावा आहे. ‘१८६५०’ नावाच्या आकाराच्या दंडगोल सेलवर ‘९९०० एमएएच’ छापून ते राजरोस विकले जातात. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतं. त्यामुळे पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाल तेव्हा खिशात लहान काटा असू द्या. ऑनलाइन घेत असाल तर माहितीपत्रकात वजन दिलं आहे का, ते आधी बघा.

तुलना करताना अँपिअर-तासांवर जाऊ नका, वॉट-तासांवर या. १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला असते ती नेहमीची लेड-अॅसिड बॅटरी) आणि १०० ची लिथियम शेजारी ठेवली की ट्युब्युलर मोठी वाटते. हिशेब केला तर ट्युब्युलरमध्ये १८०० वॉट-तास, पण आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मेच वापरायचे. शिवाय तिचा १५० हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केल्यावरचा असतो. भार वाढला की तो घसरतो. लिथियमच्या १२८० मधले नव्वद टक्के निर्धास्त वापरता येतात. आणखी एक फरक सोलरवाल्यांनी विशेष लक्षात घ्यावा. लेड-अॅसिड बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास घेते आणि पावसाळ्यात तेवढं ऊन मिळतच नाही. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा करंट घेत राहते.

किती मोठी घ्यायची? दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास, पाच एलईडी दिवे पाच तास, राउटर दिवसभर आणि एक साधा फ्रीज. हे सगळं मिळून दिवसाला दोन युनिटांच्या (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास) आसपास जातं. पण इन्व्हर्टर स्वतः काय खातो ते कोणी विचारत नाही. काहीही न चालवता तो ३० वॉट घेत असेल तर चोवीस तासांत ७२० वॉट-तास, म्हणजे फ्रीजच्या खालोखाल सगळ्यात मोठा ग्राहक तोच. रूपांतरातली घट धरली की तीन युनिटं होतात. या घराला ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची, म्हणजे सुमारे पाच युनिटांची बॅटरी दीड दिवस पुरेल. जुलैतल्या ढगाळ कोकणासाठी मी याहून कमी सुचवणार नाही.

यात मी १२ ऐवजी ४८ व्होल्टचा वर्ग मुद्दाम घेतला (५१.२ व्होल्टची बॅटरी याच वर्गात मोडते). तीन किलोवॉट भार १२ व्होल्टवर चालवायचा तर तारेतून २५० अँपिअर जातात, ४८ वर साडेबासष्ट. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे त्याच तारेत फरक सोळापट पडतो.

बॅटरी घरी आली की बहुतेक जण मल्टिमीटर लावतात, १३.२ व्होल्ट दिसलं की समाधानानं मीटर ठेवून देतात. लेड-अॅसिडच्या काळातली ही सवय इथे फसवते. एलएफपीचा व्होल्टेज वीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट राहतो. सेलमागे फरक पडतो तो जेमतेम एक दशांश व्होल्ट. व्होल्टेजवरून ना चार्ज कळतो, ना क्षमता. अर्धमेला सेलही टेबलावर तितकाच तरतरीत दिसतो. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत बसणं हाच मार्ग, आणि त्यासाठी शंट (करंट मोजण्यासाठी वाटेत जोडायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) लावलेला डीसी एनर्जी मीटर लागतो. तो महाग नसतो. बॅटरीच्या किमतीपुढे तर काहीच नाही.

चाचणी अशी. बॅटरी पूर्ण भरा. मग मोटारीचे ५५ वॉटचे चार हेडलाइट बल्ब शंटमार्गे जोडा. ते मिळून वीसेक अँपिअर घेतात, म्हणजे १०० अँपिअर-तासाची बॅटरी पाच तास चालायला हवी. बल्ब भयंकर तापतात, लाकूड-प्लास्टिकपासून लांब ठेवा आणि खोली सोडून जाऊ नका. बीएमएसनं पुरवठा तोडला की मीटरवरचा आकडा वाचा. नव्या बॅटरीनं ९५ अँपिअर-तासांपेक्षा कमी दिले तर ती मी परत करेन. ही चाचणी परतीची मुदत संपण्याआधी करायची. एवढं पाळलं तरी निम्मी फसवणूक टळेल, असं माझं ठाम मत आहे.

सुटे सेल आणून स्वतः बॅटरी बांधायची असेल तर काळजी आणखी वाढते. २८० अँपिअर-तासाचा चौकोनी सेल आज या छंदाचा आधारस्तंभ आहे. ३.२ व्होल्ट, सव्वापाच-साडेपाच किलो वजन, सोळा सेल मालिकेत जोडले की ५१.२ व्होल्ट आणि चौदा युनिटांहून अधिक. विकणारा प्रत्येक जण ‘ए ग्रेड’ म्हणतो. कारखान्यात क्षमता, अंतर्गत रोध आणि स्वतःहून होणारी गळती पाहून सेल वेगळे काढतात आणि बाद झालेले निराळ्या वाटेनं बाजारात येतात. वाहनांतून काढलेले जुने सेल नवं निळं वेष्टण चढवून येतात ते वेगळेच. टर्मिनल नीट पाहा. पट्टीचं वेल्डिंग काढून घासल्याच्या खुणा असतील तर तो सेल कुठे तरी राबून आलेला आहे. क्यूआर कोड खरवडून पुन्हा कोरलेला दिसला, पोट फुगलेलं दिसलं, तर घेऊ नका. प्रत्येक सेलच्या क्रमांकासह क्षमता आणि रोध लिहिलेला अहवाल मागा. मीटर साधा ओहमचा चालत नाही. हा रोध पाव मिलिओहमच्या आसपास असतो, तो मोजायला चार तारांचा खास मीटर लागतो. एखादा सेल शून्याजवळ गेलेला आला तर चार्ज करून ‘जिवंत’ करायचा प्रयत्नही करू नका. इतक्या खाली गेल्यावर आतल्या तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे साचून आत शॉर्ट करू शकतं.

मालिकेत सगळ्या सेलमधून एकच करंट जातो. त्यामुळे सगळ्यात आधी भरणारा सेल चार्जिंग थांबवतो आणि सगळ्यात आधी रिकामा होणारा सेल पुरवठा थांबवतो. सोळांपैकी पंधरा उत्तम असून उपयोग नाही. बीएमएस प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतं, ३.६५ व्होल्टच्या वर किंवा २.५ च्या खाली जाऊ देत नाही आणि सेल समपातळीवर आणायचा प्रयत्नही करतं. पण स्वस्त बीएमएसचा हा समतोल करंट १०० मिलिअँपिअरच्या घरात असतो. दोन सेलमध्ये पाच अँपिअर-तासांचा फरक असेल तर तो मिटायला पन्नास तास लागतील, आणि तेही बॅटरी भरत आलेली असतानाच. म्हणून जोडणीआधी सगळे सेल समांतर जोडून बेंच पॉवर सप्लायनं ३.६५ व्होल्टपर्यंत सावकाश भरून घ्यावेत. कंटाळवाणं, दोन-चार दिवसांचं काम आहे. ते टाळू नये.

आणि फ्यूज. याबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचं आहे, कारण पैसे वाचवायला लोक नेमके इथेच जातात. पाव मिलिओहम रोधाच्या ३.२ व्होल्ट सेलची टर्मिनलं पान्यानं जोडली गेली तर गणितानं १२,८०० अँपिअर येतात. तारा-सांध्यांमुळे प्रत्यक्षात कमी येतील, तरी पाना वितळायला पुरेसे. घरच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे एमसीबीत उठलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत असा शून्य येतच नाही. साधा एसी एमसीबी डीसीवर उघडला तरी आतली ठिणगी जळत राहू शकते. म्हणून बॅटरीच्या धन टोकाला लागूनच क्लास-टी फ्यूज हवा. तो २०,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडू शकतो. काम करताना अंगठी, कडं, साखळी उतरवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. पॅनेलच्या मालिकेतला व्होल्टेज तर शेकड्यांत जातो, ते जोडकाम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

जुना इन्व्हर्टर वापरणार असाल तर त्याची सेटिंग तपासा. ट्युब्युलरसाठी बनलेले काही इन्व्हर्टर अधूनमधून १५ व्होल्टच्या वर इक्वलायझेशन चार्ज (लेड-अॅसिडचे सेल समपातळीवर आणायला मुद्दाम दिलेला जादा चार्ज) देतात. चार सेलच्या एलएफपीची कमाल मर्यादा १४.६ आहे. बीएमएस दरवेळी तोडेल खरं, पण ते शेवटचं कुंपण आहे, रोजचं फाटक नव्हे. इक्वलायझेशन बंद करता येत नसेल तर तो इन्व्हर्टर या बॅटरीला जोडू नका.

माहितीपत्रकात ६००० सायकल (एकदा भरून रिकामी केली की एक सायकल) लिहिलेल्या असतात. रोज एक धरली तर सोळा वर्षं. पण तो आकडा २५ अंशांवरचा आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर विदर्भातल्या मे महिन्यात काय तापमान असतं ते सांगायला नको. उष्णतेनं बॅटरी वापरली नाही तरी झिजते. तळमजल्याची हवेशीर, सावलीतली भिंत उत्तम. झोपायची खोली आणि जिन्याखालची जागा टाळा, कारण धूर झालाच तर बाहेर पडायची वाट तीच असते. थंडीचा त्रास आपल्याकडे फारसा नाही. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम धातुरूपात साचून सेल कायमचा बिघडतो, पण हे हिमाचल-लडाखमधल्यांनी जपायचं.

पहिलीच बॅटरी असेल तर माझा सल्ला तयार डब्याचा आहे. बीएमएस आतच असलेली, ज्याचं सेवाकेंद्र तुमच्या जिल्ह्यात आहे अशी. पोर्टेबल लिथियम बॅटऱ्यांना भारतात आयएस १६०४६ (भाग २) या मानकाखाली बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर अॅपवर पडताळता येतो. भिंतीवरच्या मोठ्या बॅटरीसाठी कोणत्या मानकाची चाचणी झाली त्याचा अहवाल मागा. वॉरंटी किती वर्षांची हे विचारून थांबू नका. किती टक्के क्षमता उरेल, किती तापमानापर्यंत, किती खोल डिस्चार्ज धरून, बदलून देताना वाहतूक कोणाची, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत कोण नेणार, एवढं सगळं बिलासोबत लेखी घ्या.