वाळुंजाचा जिवंत आडोसा: लावण्यापूर्वी वाचा, कापण्यापूर्वी पुन्हा वाचा

वडोदरा आणि आसपासच्या आमच्या ग्राहकांसाठी

सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारने आडोशासाठी सर्रास लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पस या परदेशी झाडावर बंदी घातली, तेव्हापासून नर्सरीत रोज एक प्रश्न ठरलेला: "मग आता आडोशाला काय लावू?" शेजारच्या ड्यूप्लेक्सची बाल्कनी थेट आपल्या ओटल्यावर उघडते आणि कंपाउंडची भिंत वाढवायला सोसायटी तयार नसते. मग कोणी मोबाइल पुढे करून इंग्लंडातल्या विणलेल्या विलोच्या कुंपणाचा व्हिडिओ दाखवतं.

ते विलो इथलं नाही. त्याला पानं झडून झोपी जायला खरा गारठा लागतो. बॅटसाठी वापरतात तो काश्मिरी विलोही तसाच थंड हवेतला. श्रीनगरहून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या काड्या आम्ही कुंड्यांत वाढवून पाहिल्या आहेत. होळीपर्यंत हिरव्यागार होत्या, मे महिन्यात सरपण झालं. आपल्याकडचा विलो म्हणजे वाळुंज. नदी-ओढ्याकाठी उगवणारा, पानाची मागची बाजू पांढुरकी, वाऱ्यावर सगळं झाड एकदम रंग बदलल्यासारखं दिसतं. पाय पाण्यात असले तरी त्याला चालतं. पावसाळ्यात पाणी तुंबतं अशा सखल प्लॉटवर मेंदी किंवा कामिनीची मुळं कुजतात, तिथे आम्ही वाळुंजच सुचवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या अंगणात आलं होतं, त्यांना आपला प्लॉट यात बसतो की नाही हे वेगळं सांगायला नको.

पण रोप द्यायच्या आधी आम्ही विचारतो: गटारलाइन कुठून जाते?

कोनोकार्पसवरच्या बंदीमागे जी कारणं होती, त्यांत मुळांनी जमिनीखालच्या पाइपलाइन बिघडवणं हेही होतं. या बाबतीत वाळुंज काही साधू नाही. पाइपच्या सांध्यातून ओल झिरपत असेल तर तो तिथे पोहोचतोच. शिवाय आपली माती काळी. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पायाशेजारी तहानलेलं झाड असलं की तिथली माती आणखी आकसते आणि भिंतीला चीर जाते. म्हणून आमचा नियम असा: घराचा पाया, गटार, शोषखड्डा आणि जमिनीतली टाकी यांपासून किमान २० फूट. तुमचं टेनामेंट (लहान प्लॉटवरचं बैठं घर) असेल आणि मागे सहा फुटांची गल्ली असेल, तर आम्ही वाळुंज विकत नाही. वनजाई किंवा मेंदी न्या. ती इतकी उंच होणार नाही, पण प्लंबरही बोलवावा लागणार नाही.

लागवड

पहिला चांगला पाऊस झाला की जुलैत लावा. वाळुंजाची काडी मुळं धरायला फार वेळ घेत नाही. पेन्सिलएवढी जाड, फूटभर लांब काडी बादलीभर पाण्यात ठेवली तर काही दिवसांत सालीवर पांढरे फोड दिसू लागतात. तीच मुळांची टोकं. ती दिसल्यावर काडी हळुवार हाताळा, बोट लागलं तरी मोडतात. डोळे (कोंब फुटायच्या जागा) वर ठेवून काडीचा दोन-तृतीयांश भाग मातीत जाऊ द्या. उलटी लावलेली काडी हा नवशिक्यांचा हमखास घोटाळा, म्हणून आमच्याकडच्या काड्यांच्या खालच्या टोकाला तिरका काप असतो आणि वरच्या टोकाला सरळ.

आडोसा दाट हवा तर दोन ओळी, नागमोडी, रोपांत सव्वा ते दीड फूट. कंपाउंडच्या भिंतीपासून तीन फूट सोडा. ही जागा वाया गेली असं वाटतं, पण मागच्या बाजूने कापायला माणूस उभा राहायला हवा ना. नाहीतर दर वेळी शेजाऱ्यांच्या अंगणात जायची परवानगी मागत बसाल, आणि ज्यांच्यापासून आडोसा केला त्यांच्याकडेच जावं लागेल.

व्हिडिओतल्यासारखी चौकड्यांची जाळी हवी असेल तर लांब काठ्या रोवू नका. इथल्या उन्हात मुळं धरायच्या आत वरचा भाग वाळतो. आधी रोप जगू द्या, मग प्रत्येक रोपाचे दोन फुटवे राखून एक डावीकडे, एक उजवीकडे तिरका न्या आणि छेदतील तिथे सुतळीने सैल बांधा. काही वर्षांत सांधे एकमेकांत मुरतात. सुतळीच हवी. नायलॉनची दोरी बांधली तर ती खोडात रुतते आणि फांदी तिथेच मोडते.

कापणी

आमच्या पहिल्या रांगेची गोष्ट सांगतो. नर्सरीच्या फाटकाशीच होती. इतकी जोमाने वाढली की कापायला हात उचलेना. तिसऱ्या वर्षी वर दहा-बारा फुटांवर घनदाट हिरवळ आणि खाली नुसती खोडं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आमचा चहाचा स्टोव्हसुद्धा दिसायचा. आडोसा झाला तो चिमण्यांना! शेवटी एका संक्रांतीनंतर सगळी रांग वीतभर ठेवून कापली. येणारे-जाणारे हळहळले, पण त्या पावसाळ्यात बुंध्यापासून फुटवे आले आणि आज तीच रांग आम्ही ग्राहकांना दाखवतो.

म्हणून पहिल्याच वर्षी कापा. उत्तरायण झालं की आधी झाडात अडकलेला मांजा शोधून काढा. कात्रीत येतो, बोट कापतो, आणि नंतर त्यात पाखरं सापडतात. मग प्रत्येक फुटवा जमिनीपासून फूटभर ठेवून डोळ्याच्या किंचित वर, तिरका छाटा. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार असू द्या. चिरडलेल्या कापातून बुरशी शिरते.

दुसऱ्या वर्षापासून जानेवारीत मोठी कापणी, आणि दोनदा, भर पावसाळ्यात ऑगस्टमध्ये आणि पावसाळा सरताना ऑक्टोबरमध्ये, हलकी. रांग खाली रुंद, वर अरुंद ठेवा. वरचा भाग पसरला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि पुन्हा आमच्या फाटकासारखी गत होते. हवी ती उंची गाठायच्या फूटभर आधीच शेंडा खुडायला लागा. तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी जुन्या खोडांपैकी तिसरा हिस्सा बुंध्याशी काढून टाका, नवी खोडं येत राहतात. एप्रिल-मेमध्ये कात्री लावू नका, उघडी पडलेली साल भाजते.

पानगळीत काही आठवडे जाळीतून पलीकडचं दिसेल. त्याला इलाज नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कापलेल्या फांद्या वालाच्या किंवा कारल्याच्या वेलाला आधार म्हणून वापरा, पण आधी आठवडाभर उन्हात वाळवून. ओल्याच रोवल्या तर त्याही उगवतील. ओढ्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकू नका.

पाणी आणि रोग

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून तीनदा खोल पाणी, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत असेल तर वाळुंजाच्या फंदात पडू नका. वर्षातून एकदा शेणखत पुरे, युरिया नको. युरियाने फुटवे लुसलुशीत होतात आणि मावा जमतो. खोडाला बारीक भोक आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे. तारेने टोचून पाहा, नाहीतर ते खोड बुंध्याशी कापून जाळा. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या रांगेत उधई लागते, तेव्हा आच्छादन खोडापासून चार बोटं लांब ठेवा.

येताना प्लॉटचा साधा नकाशा आणा, गटारलाइन आणि टाकी दाखवलेली. नकाशा नसेल तर माप घ्यायला आमचा माणूस येतो.