हॉलमधलं स्वस्त मीडिया सेंटर आलं कुठून

टीव्हीखाली एक छोटा डबा, त्यात घरातले सगळे पिक्चर, गाणी, लग्नाचे व्हिडिओ, आणि हे सगळं सोफ्यावर बसून एका रिमोटवर, एवढंच तर पाहिजे असतं आपल्याला. पण ह्या साध्या मागणीमागे वीसेक वर्षांची भानगड आहे, आणि गंमत म्हणजे ह्यातला जवळपास प्रत्येक स्वस्त डबा मुळात दुसऱ्याच कामासाठी बनलेला होता.

आधी व्हीसीडीचे दिवस आठवा. एका सीडीवर जेमतेम ७४ मिनिटं बसायची, म्हणजे हिंदी पिक्चर हमखास दोन-तीन सीड्यांचा, आणि ऐन रंगात आला की हॉलमधून आवाज यायचा "अरे दुसरी टाक रे", मग घरातलं सगळ्यात लहान कार्टं उठायचं (आमच्याकडे ते कार्टं मीच). पुढे डिवएक्स आलं, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायचा फॉरमॅट, नि अख्खा पिक्चर एकाच सीडीवर मावायला लागला, पण ती फाइल चालणार कुठे तर कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटर बेडरूममधे, लोखंडी टेबलावर, वर प्लास्टिकचं कव्हर घालून. टीव्ही हॉलमधे, फाइल आतल्या खोलीत, भांडण हेच होतं खरं.

मायक्रोसॉफ्टने २००२ ला विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर एडिशन काढली, मोठी अक्षरं, रिमोटवर चालणारी, कल्पना एकदम बरोबर. पण ती नव्या पीसीबरोबरच मिळायची, म्हणजे टीव्हीपेक्षा महाग डबा टीव्हीखाली ठेवा. कोण ठेवणार?

खरी सुरुवात झाली ती मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या डब्यावर, पण त्यांना न विचारता. पहिला एक्सबॉक्स, २००१ चा, गेम खेळायचा कन्सोल. पण आत बघितलं तर सरळ पीसीच, ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, हार्ड डिस्क, नेटवर्कचं सॉकेट आणि टीव्हीला जोडायची वायर. काही उत्साही मंडळींनी त्यात मॉडचिप, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडणारी चिप, लावून २००२ मधे त्यावर मीडिया प्लेयर चालवला, त्याचंच २००३ ला एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं, एक्सबीएमसी, आणि जून २००४ मधे १.० व्हर्जन आलं. सोर्स कोड सगळ्यांना खुला, पण तयार प्रोग्राम मात्र अधिकृतपणे वाटता यायचा नाही, कारण तो बनवायला लागायचं मायक्रोसॉफ्टचं डेव्हलपमेंट किट आणि त्याचं लायसन्स ह्यांच्याकडे नव्हतं. म्हणजे रेसिपी देतो, भाजी तुमची तुम्ही करा.

आपल्याकडे तो एक्सबॉक्स फारसा दिसलाच नाही, पण त्यावरचं सॉफ्टवेअर जगलं. एचडी व्हिडिओ आले तसं ७३३ मेगाहर्ट्झचं काही चालेना, म्हणून २००७ पासून ते लिनक्सवर आणायला घेतलं, मग मॅक, विंडोज सगळीकडे गेलं. मॅकवाल्या फांदीतून २००८ ला प्लेक्स नावाचं दुसरं मीडिया सॉफ्टवेअर निघालं. आणि २०१४ ला, एक्सबॉक्सशी काहीच संबंध उरला नव्हता म्हणून, नावच बदलून कोडी केलं. आज कोणी विचारलं कोडी म्हणजे काय तर अर्थ काही नाही, नुसतं नाव आहे.

स्वस्त ह्या शब्दाला खरा अर्थ आला तो २०१२ ला. रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या कॅटएवढा बोर्ड, किंमत ३५ डॉलर, हेतू काय तर पोरांनी प्रोग्रामिंग शिकावं. पोरं शिकली असतील पण कितीतरी लोकांनी तो सरळ टीव्हीच्या मागे चिकटवला. त्याचा प्रोसेसर खरं तर मरतुकडा, ७०० मेगाहर्ट्झ, मेनू उघडताना सुद्धा दम लागायचा, पण त्याच चिपमधे एच.२६४, म्हणजे तेव्हाच्या एचडी फाइलींचा नेहमीचा फॉरमॅट, तो व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग होता, त्यामुळे १०८०पी पिक्चर मात्र लोण्यासारखा चालायचा. एमपीईजी-२, म्हणजे डीव्हीडीवाला फॉरमॅट, त्याचं लायसन्स वेगळं विकत घ्यायचं, २.४० पौंड. मी ते न घेता आमच्या लग्नाची डीव्हीडी लावायचा प्रयत्न केला होता, आवाज सनईचा आणि पडदा काळा, सासूबाई समोर बसलेल्या.

अजून एक गोष्ट ज्याचं कौतुक कोणी करत नाही ती म्हणजे सीईसी. एचडीएमआयच्या केबलमधे १३ नंबरची पिन असते, तिच्यावरून टीव्ही आपल्या रिमोटची बटणं पलीकडच्या डब्याला कळवतो. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राविया सिंक, सगळं एकच, फक्त सेटिंगमधे कुठेतरी खोल दडवलेलं. पायवर हे पहिल्यापासून चालायचं, आणि माझ्या मते घरातल्या बाकीच्यांनी हा डबा स्वीकारला तो ह्या पिनमुळे. तोवर वायरलेस कीबोर्ड मांडीवर घेऊन पिक्चर लावायचा, आई त्याला हातसुद्धा लावायची नाही.

त्यानंतर टीव्हीला लावायचं गूगलचं क्रोमकास्ट आलं २०१३ ला, ते पण ३५ डॉलरचंच, मग फायर स्टिक, जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि बऱ्याच जणांचा फाइल साठवायचा नादच सुटला. ज्यांचा नाही सुटला त्यांच्यासाठी जेलीफिन आहे, घरातल्या फाइली टीव्हीपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, डिसेंबर २०१८ मधे एम्बी नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरने सोर्स बंद केला म्हणून चिडून वेगळं काढलेलं, पूर्ण फुकट, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतं.

आणि आत्ता पाय घ्यायला निघाला असाल तर एक बघून ठेवा. २०२३ च्या पाय ५ मधून एच.२६४ वाला तो भागच काढून टाकलाय, आता हार्डवेअरमधे फक्त एचईव्हीसी, म्हणजे एच.२६४ च्या पुढचा फॉरमॅट, बाकी सगळं प्रोसेसर ताकदीवर ओढतो. ओढतो व्यवस्थित, प्रश्न नाही, पण ज्या भागाच्या जिवावर पाय हॉलमधे शिरला तोच गेला. माझ्याकडे सध्या बिजागरी तुटलेला लॅपटॉप आहे, झाकण काढून टीव्हीच्या मागे उभा ठेवलाय, लग्नाची डीव्हीडी त्यावर चालते.